चौऱ्याण्णव किलोमीटरवरचा थांबा

१२ डिसेंबर, शनिवार.
सकाळी ६.१० ला घर सोडले. हवा कोरडी. पहिला थांबा दीपगृह, ७.२५ ते ७.४०. फ्लास्कमधला चहा चांगला गरम. दुसरा थांबा खाडीचा पूल, गर्दी नाही. तिसरा थांबा ९४ किमी, ९.०५ ते ९.१५. समुद्र शांत. परत येताना मागचे डावे चाक बसल्यासारखे वाटले. उद्या दाखवणे.

असल्या नोंदी बाईंच्या एकतीस वह्यांत होत्या. दर वर्षी डिसेंबरातला एक शनिवार, तोच किनाऱ्याचा रस्ता, तेच तीन थांबे. गाडी यजमान चालवत. ते कवळ्या बनवणारे कारागीर. वर्षभर एका कोंदट खोलीत दिव्याखाली मान घालून लोकांच्या दातांचे साचे घासायचे. "वर्षातनं एक दिवस तरी हातभर अंतराच्या पलीकडचं काही दिसू दे," असे म्हणून ते गाडी काढत.

बाई शेजारच्या सीटवर बसून लिहीत. त्यांची एकोणतीस वर्षे दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत गेली होती. नाव? वय? काय होतंय? समोरच्याने सांगायचे, आपण उतरवायचे. मान वर केली की रांग तुंबते, हे त्या पहिल्याच आठवड्यात शिकल्या होत्या. त्याआधी मिशनच्या शाळेत सिस्टरांनी रोजची वही लिहायचे वळण लावले होतेच. ते वळण गाडीत बसले म्हणून सुटणार थोडेच!

तिसऱ्या थांब्यापर्यंत पहिल्या दोन थांब्यांचे लिहायचे साचलेले असे. म्हणून तिथे यजमान एकटेच उतरत. दहा मिनिटांनी दार उघडल्याचा आवाज आला की बाई मान न उचलता विचारत, "समुद्र?"

ते म्हणत, "शांत."

बाई लिहीत, शांत. गाडी सुरू होई.

यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली होती. लांबलचक दुपारी बाई जुन्या वह्या वाचत बसत. दीपगृह वाचले की दीपगृह दिसे, पूल वाचला की त्याचा गंजलेला कठडासुद्धा दिसे. तिसऱ्या थांब्याला मात्र डोळ्यांपुढे काहीच येईना. झाड नाही, दगड नाही. यजमान वर्षातून ज्या एकाच जागी एकटे जाऊन उभे राहत, ती जागा बाईंनी एकतीस वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. संसार केला तो पाठीकडून, असे त्यांना वाटले आणि त्या दिवशी जेवण गेले नाही.

त्यातच पेपरात आले की डोंगरातला बोगदा तयार झाला आहे. किनाऱ्याचा वळणावळणांचा तुकडा सोमवारपासून कायमचा बंद.

लेकीचा फोन आला तेव्हा बाईंनी बेत सांगितला.

"आई, त्या रस्त्याचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ आहेत. मी पाठवते. घरी बसून बघ, शेंगा खात."

"मला ड्रोनला काय दिसलं ते नको आहे."

"गुडघे बघ आधी स्वतःचे!"

"ते रोजच बघते. म्हणून तर समुद्र बघायला निघालेय."

"बाबा असते तर गोष्ट वेगळी. आता एकटी जाऊन काय करणार आहेस तिथे?"

बाईंनी दूध उतू जातेय असे सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हते.

शनिवारी भाड्याची गाडी आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"आजी, मागे बसा आरामात."

"पुढे बसणार आहे. आणि आजी म्हणू नका. आजी व्हायला नातवंडं लागतात."

"बरं बाई. तुम्ही म्हणाल तसं. घरात बायको, गाडीत गिऱ्हाईक, आपलं कुठे चालतंय!"

बाईंनी या वर्षीची वही मुद्दाम पिशवीत तळाशी टाकली होती. वर फक्त एक जुनी वही, आकडा बघण्यापुरती. हात रिकामे राहिल्यामुळे त्यांना अवघडल्यासारखे होत होते. त्या पिशवीचा बंद गुंडाळत होत्या, सोडत होत्या. काचेबाहेर समुद्र मधेच दिसे, झाडीत बुडे, पुढच्या वळणावर पुन्हा दिसे. उताराला वाळूची एक चिंचोळी पट्टी होती, तिच्यावर तीन होड्या पालथ्या पडल्या होत्या. त्या होड्या आजच्या की तीस वर्षे तिथेच आहेत, हे बाईंना सांगता आले नसते. दीपगृहापाशी त्या पाच मिनिटे उतरल्या. पुलावर थांबल्याच नाहीत. सोमवारची वाट न बघता आजच बाराच्या सुमाराला अडथळे लावून रस्ता अडवणार असल्याचे ड्रायव्हरने कुठूनतरी ऐकले होते.

चौऱ्याण्णव भरले तेव्हा गाडी एका उंच सिमेंटच्या भिंतीपाशी उभी होती. भिंतीला हिरवे शेवाळ. समुद्र दिसायला शिडी लागली असती.

"इथे?" ड्रायव्हर म्हणाला.

"वहीत चौऱ्याण्णवच आहे. एकतीस वर्षं."

"कोणत्या गाडीचे चौऱ्याण्णव?"

"आमच्या."

"मग झालं! जुन्या गाडीचा मीटर तो. टायर झिजले की पळतो, बदलले की रेंगाळतो. बाई, वहीत खूण काय लिहिलीय? वडाचं झाड, हॉटेल, पाण्याची टाकी?"

बाईंनी पाने उलटली. वेळ होती, आकडा होता, हवा होती. खूण कुठेही नव्हती. खूण लिहायची तर मान वर करायला हवी होती. आयुष्यभराचे काटेकोर काम, आणि त्यावरून एक जागा सापडत नव्हती. त्या पुन्हा पहिल्या पानापासून वही चाळू लागल्या.

ड्रायव्हरने ती हळूच काढून घेतली. "अक्षर बाकी छापल्यासारखं हो." मग म्हणाला, "रागवू नका, एक विचारू? सगळं पान शिस्तीत, आणि ही एकच ओळ अशी प्यायल्यासारखी का?"

बाईंनी चष्मा सारखा केला. तिसऱ्या थांब्याची ओळ डावीकडून सुरू होऊन खाली घसरत गेली होती. घरी दुपारी वाचलेल्या बाकीच्या वह्यांतही ती ओळ अशीच होती, हे त्यांना आत्ता आठवले. हाताचा दोष समजून त्यांनी सोडून दिले होते.

"गाडी कलती उभी असायची," त्या म्हणाल्या. "जागा उतरती होती. आमचा मीटर पळत असेल तर जागा मागे राहिली. मागे घ्या गाडी. जिथे म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहता येतं, तिथे तिथे थांबा."

मग तो प्रकार सुरू झाला. गाडी कडेला घ्यायची, बाईंनी मांडीवर वही धरून, मान खाली घालून, नेहमीच्या वेगाने एक ओळ लिहायची. पहिल्या जागी ओळ सरळ. दुसऱ्या जागी सरळ. तिसऱ्या ठिकाणी ड्रायव्हर म्हणाला, "आता मला पण डायरी लिहावीशी वाटायला लागली." ओळ सरळच. चौथ्या ठिकाणी चाकाखाली खडी करकरली, गाडी बाजूला झुकली, आणि पेन आपोआप उताराला लागले.

मीटरवर नव्व्याण्णव होते, चौऱ्याण्णववरून पाच मागे, म्हणजे घरापासून एकोणनव्वद.

कडेला झुडपांतून एक पायवाट खाली गेली होती. मातीत खोदलेल्या सात-आठ पायऱ्या, त्याही झिजलेल्या. ड्रायव्हरने गुडघ्यांकडे एक नजर टाकली. "तुम्ही बसा, बाई. मी जाऊन येतो आणि कसा आहे ते सांगतो."

"नको," बाई म्हणाल्या. "सांगणारा होता माझ्याकडे."

त्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि लहान मुलासारख्या बसत, सरकत एकेक पायरी उतरल्या. ड्रायव्हर पुढे उलटा उतरत होता, दोन्ही हात पसरून.

खाली एक सपाट खडक होता. त्याच्या पुढे खडकाला खोल चीर होती आणि समुद्र तिच्यात धडका देत होता. पाणी आत घुसे, गडगडे, पुरुषभर उंच उडे. आवाज त्या चिरीतच कोंडत होता, वर रस्त्यापर्यंत पोचत नव्हता. चष्मा क्षणात खारा झाला. एक म्हातारा बाजूला गळ टाकून बसला होता.

"आज फार खवळलाय का हो?" बाईंना ओरडावे लागले.

"आज? आज तर बरा आहे! इथे हा बारा महिने असाच. चाळीस वर्षं बघतोय!"

बाई खडकावर बसल्या. एकतीस वेळा यजमानांनी शांत म्हटले होते. काय म्हणायला हवे होते त्यांनी? खवळलेला म्हटले असते तर खिडकीतून प्रश्न आले असते. किती? लाटा केवढ्या? कधीपासून? ते त्यांना ठाऊक होते. एका शब्दात बायकोची ओळ पुरी होत होती. की इथे दहा मिनिटे उभे राहिल्यावर त्यांना खरोखरच तसे वाटत होते? ज्यांना विचारायचे ते आता नव्हते.

आणि मग एक गोष्ट आठवली. एकदा ते उतरून गेले होते आणि लगेच परत आले होते. काचेवर टकटक करून म्हणाले होते, "चल ना खाली. दोनच मिनिटं." बाई म्हणाल्या होत्या, "एवढी ओळ पुरी करते." ओळ पुरी होईतो ते एकटेच खाली जाऊन परतही आलेले होते. हे कोणत्या वर्षी घडले, ते कोणत्याच वहीत नव्हते.

पाऊण तासाने ड्रायव्हरने खांद्याला हात लावला. "बाई, बारा वाजायला आले."

त्या घराशी उतरत असताना ड्रायव्हर म्हणाला, "पुढच्या वर्षी दुसरा रस्ता शोधू. मला फोन करा." बाईंनी मान हलवली. फोन करणार नाही, हे दोघांनाही कळले.

संध्याकाळी त्या टेबलाशी बसल्या. दवाखान्यात चूक सापडली तर लाल शाईने, तारीख घालून समासात दुरुस्ती करायची पद्धत होती. बाईंनी एकतीस वह्या काढल्या, लाल पेनाचे टोपण उघडले. बराच वेळ तसेच धरून ठेवले, मग लावले. सांगणाऱ्याने जे सांगितले ते लिहिले होते. नोंदीत चूक नव्हती. नवी वही उघडून त्यांनी निळ्या शाईने लिहिले:

तिसरा थांबा ८९ किमी, १०.५५ ते ११.४०. खाली उतरले. समुद्र खवळलेला. बारा महिने असाच असतो असे कळले. यांना विचारायचे राहिले. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर गेला आहे. खाली पातेले ठेवले.