इमारतींचे डोळे तपासणारे मामा

इमारतींना नमस्कार करत हिंडणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका मला मामासासरा म्हणून लाभला आहे. देवळापुढे हात जोडणारे गल्लोगल्ली सापडतील. आमचे मामा कापडाच्या दुकानापुढे, किराण्याच्या गोदामापुढे, बंद पडलेल्या लॉजपुढे मान लववतात, आणि तीही माणूस पाहून. म्हणजे इमारत पाहून. वयस्कर इमारतीला दोन्ही हात, मधल्या वयाच्या इमारतीला नुसती मान, आणि हल्ली उभ्या राहिलेल्या चकचकीत इमारतीला काहीच नाही. तिच्यासमोरून मामा अंग चोरून, चपलांचा आवाज न करता जातात. धुळ्याच्या जुन्या बाजारपेठेतल्या नंबरांच्या गल्ल्यांमधून त्यांच्याबरोबर भाजी आणायला निघालं की माणूस जेवणं उरकल्यावर घरी पोचतो. लग्नानंतर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मामांची मान अवघडली असावी. बायकोला विचारलं, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली की मामा इमारतींकडे पाहत नाहीत, इमारती मामांकडे पाहतात, मामा फक्त ओळख देतात. त्यानंतर बरेच दिवस मी त्या गल्लीतून खाली मान घालून जात होतो.

मामांचं चष्म्यांचं दुकान आहे. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिल्यामुळे असेल, पण त्यांना जगात डोळ्यांशिवाय दुसरं काही दिसतच नाही. माणूस भेटला की आधी नंबर, मग नाव. आणि घर म्हटलं की आधी खिडक्या. जुन्या पेठेतल्या घरांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या रस्त्यावर लक्ष ठेवून असतात, असं ते अगदी साधेपणाने, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगतात. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोण गेलं आणि परत आलं नाही, हे सगळं त्यांना ठाऊक असतं म्हणे. काचांनी मढवलेल्या नव्या इमारतींना मोतीबिंदू झालेला आहे, आणि ज्यांच्या तोंडावर नुसता पत्रा ठोकला आहे त्या जन्मांध, असं त्यांचं निदान आहे. अशाच एका पत्र्याच्या इमारतीपुढून जाताना त्यांनी एकदा माझं कोपर धरलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हळू चाला, जवाईबापू. आपन आठेतून जाई ऱ्हायनूत हाई तिले मालूम नही." भर दुपार होती, समोर रसवंतीचं चाक घुंगरं वाजवत फिरत होतं, तरी आपण इथून जातोय हे त्या आंधळ्या इमारतीला ठाऊकच नाही, या विचाराने माझ्या मानेवर काटा आला. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

मामी होत्या तोवर या सगळ्यावर उतारा होता. दुकानात आत डाव्या हाताला, आरशाच्या शेजारी, त्यांची एक लाकडी खुर्ची होती. तिच्यावर बसून त्या फ्रेममध्ये काचा बसवायच्या, स्क्रू पिळायच्या आणि मामांचं व्याख्यान सुरू झालं की मान वर न करता गिऱ्हाइकाला सांगायच्या, "यास्ना नंबरच चुकेल शे." गिऱ्हाईक हसायचं, मामाही हसायचे, आणि समोरच्या घराच्या खिडकीकडे पाहून मामी फडकं हलवायच्या. त्या खिडकीत तेव्हा माणसं होती. पुढे ती माणसं चाळीसगावला गेली, घराला कुलूप लागलं, आणि काही वर्षांनी मामीही गेल्या. मामा एकटे उरले. इमारतींशी त्यांचं सूत अधिकच जमलं.

अशा माणसाला शहराने कुठे नेमावं? तर आमच्या जुन्या पेठेत कुणाला नवी व्यापारी इमारत बांधायची असेल, तर तिचा नकाशा पाहून ती शेजारच्या जुन्या घरांशी जुळते की नाही याचा सल्ला देणारी एक छोटीशी समिती आहे, तिच्यावर. मी तिथे इंजिनिअर म्हणून आहे. मामा व्यापाऱ्यांच्या वतीने आहेत, कारण बाकीच्या व्यापाऱ्यांना बैठकीला यायला सवड नसते. मामा मात्र डोळे तपासायची लोखंडी फ्रेम आणि भिंगांची पेटी घेऊन वेळेआधी हजर असतात. नकाशा टेबलावर पसरलेला त्यांना चालत नाही. तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा, ट्यूबलाइट घालवायची, आणि मामा समोर खुर्ची टाकून, डोळ्यांवर ती फ्रेम चढवून, आधी उजवा आणि मग डावा डोळा झाकून इमारतीचं तोंड न्याहाळतात. मधेच एखादं भिंग बदलतात आणि शेजारी घाम पुसत उभ्या असलेल्या बिल्डरला सवयीने विचारतात, आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं? बिल्डर बिचारा घाबरून मघाशी म्हणतो. चहावर साय धरते. आणि मग तो प्रश्न येतो, जो प्रत्येक नकाशाला येतो आणि ज्याच्यासाठी आम्ही इतर सभासद एकमेकांना कोपरं मारत वाट पाहत असतो: "हाई बिल्डिंग कोनले देखी ऱ्हायनी?"

इमारत कुणाकडे पाहते आहे, या प्रश्नावर सगळ्यांत जास्त हसले होते ते यावलचे एक केळीचे व्यापारी. त्यांना पेठेच्या कोपऱ्यावर खाली दुकानं आणि वर राहायच्या खोल्या बांधायच्या होत्या. रस्त्याकडे जाहिरातींना जागा हवी, म्हणून वरच्या खोल्यांच्या सगळ्या खिडक्या त्यांनी मागच्या बोळाकडे काढल्या होत्या. मामांनी भिंगं बदलून बदलून पाहिलं आणि इमारत मागे वळून पाहते आहे, मागे काय आहे ते आधी बघून या, असं सुचवलं. व्यापारी म्हणाले, मागे भिंत आहे, दुसरं काय असणार. सल्ला तो सल्लाच, इमारत झाली. पण मागच्या खोल्यांत भाडेकरू टिकेना. कुणाला झोप लागेना, कुणी पलंग फिरवून पाहिला, शेवटी कुणीतरी खिडक्यांना प्लायवूड ठोकलं. व्यापाऱ्यांनी मला तपासायला नेलं. ओल असेल, गटाराचा वास असेल, असा माझा अंदाज होता. मी एक प्लायवूड काढून बाहेर डोकावलो. हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर समोरची जुनी भिंत होती, आणि तिच्यावर, आमच्या खिडकीच्या बरोब्बर समोर, कधीकाळी विटांनी बुजवलेली एक खिडकी होती. चौकट तशीच होती. मी तिच्याकडे पाहत होतो आणि काही केल्या मला नजर काढता येईना. मग मी प्लायवूड परत लावलं आणि ओल आहे असं सांगितलं. ते व्यापारी आता मामांना भेटले की वाकून नमस्कार करतात, आणि घरात कपाट करायचं असलं तरी त्याचं चित्र आधी मामांना दाखवतात.

पण खरी गोष्ट खुर्चीची आहे. मामी गेल्यावर ती खुर्ची मामांनी हलवली नाही, आणि तिच्यावर कुणी बसतही नाही. बसू नका असं मामा कुणाला सांगत नाहीत. गिऱ्हाईक येतं, खुर्चीकडे वळतं, आणि काय वाटतं कोण जाणे, उभंच राहतं. एकदा संध्याकाळी मी भरिताचा डबा घेऊन दुकानात गेलो होतो. ऊन उतरणीला लागलं होतं. समोरच्या बंद घराच्या वरच्या खिडकीला जुन्या काचा होत्या. आमच्या छपरावरून गेलेलं ऊन त्या काचांवर आपटलं आणि उजेडाचा एक तुकडा रस्ता ओलांडून दुकानात शिरला. फरशीवरून सरकत सरकत तो खुर्चीपर्यंत गेला आणि खुर्चीवर चढून थांबला. भिंतीवर टांगलेल्या सगळ्या फ्रेमा एकदम चमकल्या, आणि मला शपथेवर सांगता येईल की ते सगळे रिकामे चष्मे त्या खुर्चीकडे पाहत होते. मी इंजिनिअर आहे, परावर्तन मला समजतं. तरीही उजेड सरकून जाईपर्यंत मी डबा हातातच धरून होतो. तो गेल्यावर मामांनी डबा घेतला, उघडून वास घेतला आणि मीठ कमी असेल म्हणाले. रोज येते का, असं मी विचारलं. काय येते, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ढग नसले तर येते, एवढंच म्हणाले.

आणि मग एके दिवशी समितीपुढे त्याच समोरच्या घराच्या जागेचा नकाशा आला. घराची मालकीण चाळीसगावहून स्वतः आली होती, माझ्याच वयाची, सगळे तिला अक्का म्हणत होते. बरोबर जळगावचा एक आर्किटेक्ट होता. बंद घर किती दिवस सांभाळायचं, वरच्या खिडकीत कुणीतरी दिसतं असं लोक बोलतात म्हणून कुणी भाड्यानेही घेत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नकाशात खाली दुकानं होती, वर ऑफिसं होती, आणि रस्त्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एकसलग पत्र्याचं तोंड. एकही खिडकी नव्हती. नकाशा खिळ्याला टांगला गेला, ट्यूबलाइट गेली, मामांनी फ्रेम चढवली. आम्ही प्रश्नाची वाट पाहू लागलो.

मामांनी भिंग बदललं नाही. डोळा झाकला नाही. मग फ्रेम उतरवली, पेटीत ठेवली आणि शुद्ध कचेरीच्या मराठीत म्हणाले, "माझी काही हरकत नाही." आणि गार झालेला चहा सायीसकट पिऊन टाकला.

बाकीच्यांना वाटलं, म्हातारा थकला. मला कळलं. ज्या माणसाने अख्ख्या पेठेसाठी खिडक्या मागितल्या, त्याला स्वतःसाठी एक खिडकी मागायची लाज वाटत होती. हा माणूस जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखा वागत होता आणि मला ते सहन होईना. माझी अहिराणी सासुरवाडीची, म्हणजे उधारीची. तरी मी नकाशाकडे बोट केलं आणि विचारलं, "हाई बिल्डिंग कोनले देखी ऱ्हायनी?"

कुणी हसलं नाही. आर्किटेक्ट कागद चाळू लागला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला आहे. आणि मग अक्का, जिला हा प्रश्न काय आहे हे ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं, नकाशावरची नजर न काढता हळूच म्हणाली, "समोरनी मामीले." तिचं तिलाच आश्चर्य वाटलं असावं. मग सांगू लागली की लहानपणी त्या खिडकीत बसून ती समोरच्या दुकानातल्या मामींना पाहायची, आणि मामी फडकं हलवायच्या. मामी कशा आहेत, असं तिने विचारलं. मामा उठले आणि ट्यूबलाइट लावायला गेले. बटण त्यांना लवकर सापडलं नाही.

खिडकी झाली. अक्कानेच हट्ट धरून ती करवून घेतली, पत्रा कापून, लाकडी चौकटीची. पण जुन्या जागी आता जिना आला होता, म्हणून ती थोडी बाजूला सरकली. इमारत पुरी होईपर्यंत समोर बांबू आणि हिरवी जाळी होती, आणि त्या दिवसांत मामा संध्याकाळी दुकान लवकर बंद करायचे. जाळी निघाली त्या दिवशी मला राहवलं नाही, मी दुकानात जाऊन बसलो. ऊन उतरलं. नव्या काचेवरून उजेडाचा तुकडा रस्ता ओलांडून आत आला. खुर्चीकडे गेलाच नाही. तो उजव्या हाताला, दाराच्या आतल्या अंगाला येऊन थांबला, जाणाऱ्या माणसाने उंबऱ्यापाशी घटकाभर थांबावं तसा. भिंतीवरचे चष्मे सगळे अंधारात होते. मला इतकं वाईट वाटलं की मामांकडे पाहवेना. खुर्ची उचलून दाराशी नेऊ का, असं मी विचारलंसुद्धा.

मामांनी नको म्हणून मान हलवली. मग त्या उजेडाकडे पाहत म्हणाले, "उठनी ती. दारपावत उनी." आवाजात रडणं नव्हतं. घरातलं माणूस आजारातून उठून दारापर्यंत आलं की जसं सांगतात, तसं सांगितलं.

हल्ली दुकानातल्या त्या खुर्चीवर गिऱ्हाइकं बसतात. मीही एकदा बसलो, साधी खुर्ची आहे, एक पाय जरा डुगडुगतो. मामा मात्र संध्याकाळ झाली की गल्ल्यापासून उठतात आणि दाराची दोन्ही कवाडं पूर्ण उघडून बाजूला उभे राहतात. दिवसागणिक तो उजेड थोडा थोडा सरकतो आहे, हे मलाही दिसतं. सूर्य सरकतो, उजेड सरकतो, एवढं भूगोलात मीही शिकलो आहे. परवा तो उंबरा ओलांडून पायरीवर गेला होता. पायरीवरून जाणाऱ्या एका बाईंना मामांनी हाताने थांबवलं, उजेड सरेपर्यंत थांबवलं, आणि मग वाट मोकळी करून दिली. बाई काही न विचारता थांबल्या. मीही रस्त्यात स्कूटर उभी करून थांबलो होतो. निघताना मी समोरच्या खिडकीला नुसती मान लववली, कुणी पाहत नाही ना हे बघून.