रुमालावरून नाडी

वैद्यानं आधी माझ्या मनगटावर रुमाल टाकला, मग नाडी धरली.

इंदापुरातला दवाखाना. मला मेलेलं मूल झालं होतं. तेव्हापासून झोप नाही, घास उतरत नाही, रडू फुटलं की थांबत नाही. आत्या, म्हणजे माझी सासू, निमगावहून एसटीनं मला घेऊन आली होती. एवढा नावाजलेला माणूस, पोरीचं मन थाऱ्यावर आणील, असं तिला वाटलं.

माझ्याआधी कारखान्याच्या संचालकाची सून आत होती. मधे नुसता पडदा, तोही अर्धवट ओढलेला. तिचंही बाळंतपणानंतर तेच, झोप उडालेली, सारखं रडू. वैद्यानं तिचा हात उघड्या बोटांनी धरला. मऊ आवाजात म्हणाला, "सात्त्विक प्रकृती आहे ताई तुमची. अशी मनं कोवळी असतात. विश्रांती घ्या."

माझी पाळी आली. पहिला प्रश्न, "राहता कुठं?"

"बुद्धविहाराच्या मागं," आत्या म्हणाली.

आणि रुमाल आला.

माझ्याकडं न बघता तो आत्याला म्हणाला, "तामसी प्रकृती. तुमच्या लोकांत असतेच. जड बुद्धी, आळस. रडण्याकडं लक्ष देऊ नका, कामाला लावा."

आळस! बाळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी बाळाचं तोंडसुद्धा धड बघितलं नव्हतं. आत्या मान हलवत होती, "व्हय साहेब, व्हय." मला तिचाही राग आला. रुमाल उचलून मी टेबलावर फेकला.

"मघाच्या ताईंचा हात कापडाबिगर धरला. माझा बी धरा. मग सांगा, तामसी का काय."

"आवाज खाली!" तो ओरडला. हात काही पुढं आला नाही.

बाहेर पायरीवर आत्या घाबरून म्हणाली, "अगं, मोठी माणसं हायती ती."

"माझं बाळ गेलंय, आत्या. आळस न्हाय मला."

आता मी बारामतीला मनाच्या डॉक्टरकडं जाते. गोळ्या घेते. रडतेही, ते कुणाच्या सांगण्यावरून थांबवणार नाही. पण एक चूक झाली, त्या दिवशी मी उठून आले. पुन्हा कुणी माझ्यासाठी रुमाल काढला, तर निघून येणार नाही. त्याच्याच दारात बसेन आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला विचारेन, "बाई, तुझा हात कसा धरला?"