दुपारच्या झोपेतली हाक

“मी काही बोलले का गं?”

डोळे उघडले की माझ्या मैत्रिणीचा पहिला प्रश्न हाच. कॉलेजच्या लायब्ररीत टेबलावर डोकं टेकून ती झोपायची आणि गालावर वहीची कड उमटवून उठायची. गोडादऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीत, तिच्या घराच्या भिंतीपलीकडे रात्रंदिवस लूम खडखडायचे. राहिलेली झोप ती दुपारी कॉलेजात काढायची.

तुम्ही म्हणाल, झोपेत पुष्कळ जण बडबडतात. पण हिचा आवाज बदलायचा. वीस वर्षांच्या पोरीच्या गळ्यातून म्हातारीचा, लांबवर हाक घालणारा आवाज निघायचा. शेजारच्या गुजराती मुली “वळगाड छे”, झपाटलीय, म्हणून उठून गेल्या. मी उरले, कारण पंखा त्याच टेबलावर होता.

मी हजिऱ्याच्या कंपनी कॉलनीतली, इस्त्रीचे कपडे घालणारी. ती खानदेशी, घरी अहिराणी बोलणारी. “तुझी मराठी रेडिओसारखी आहे,” म्हणायची आणि डब्यातली कळण्याची भाकरी माझ्याकडे सरकवायची. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. दुसऱ्या वर्षापर्यंत माझे रविवार तिच्या घरी जाऊ लागले. तिच्या आईबरोबर, त्यांना मी मावशी म्हणायचे, चुलीपाशी बसून मी अहिराणी शिकले.

शिकले नसते तर बरं, असं एका दुपारी वाटलं. ती झोपेत बोलली आणि मला पहिल्यांदाच सगळं कळलं: संध्याकाळ झाली म्हणून कोणीतरी कोणाला तरी घरी बोलावत होतं.

“सांज व्हयनी. आते घर ये वं. तुनी वाट देखस.”

मी मावशींना सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला.

“हाई तं मनी सासूनी हाक शे.”

त्यांची नणंद, हिची आत्या, लग्नाआधीच नदीवर धुणं घेऊन गेली ती परतलीच नाही. सासू मरेपर्यंत रोज संध्याकाळी दारात उभी राहून अशीच हाक मारायची. सासू गेल्यावर वर्षानं ही जन्मली. घरात त्या हरवलेल्या मुलीचं नावही कोणी काढत नसे.

“तिले सांगू नको,” मावशी म्हणाल्या.

मी नाही सांगितलं. तिनं विचारलं की म्हणायचे, “छे, घोरत होतीस.” पण शेवटच्या वर्षी झोपेतल्या हाका वाढल्या. ती वाळत चालली. एका दुपारी हाक मारता मारता तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मला राहवलं नाही. वाकून मी तिच्या कानात, येते म्हणून, त्या लेकीच्या वतीनं उत्तर दिलं, “येस माय, येस.”

तिनं चाचपडत माझा हात धरला. डोळे मिटलेलेच.

“कितली गार पडनी वं तू,” तो म्हातारा आवाज म्हणाला, आणि गप्प झाला. तो पुन्हा कधीच आला नाही.

मैत्रीण अंगानं भरली, हसू लागली. परीक्षेनंतर धुळ्याकडे तिचं लग्न ठरलं. पाठवणीच्या वेळी माझ्या गळ्यात पडून हुंदके देत राहिली, मग जीपमध्ये बसून गेली.

मांडव रिकामा झाला. मावशींनी मला शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लायब्ररीतलं ते उत्तर मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मैत्रिणीलाही नाही.

“एक लेक गई,” मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “एक घर उनी.”

उनी म्हणजे आली. तेवढी अहिराणी मला येत होती.