फुलाबाईंच्या सहा अळिंब्या

फुलाबाई सहा वर्षं अळिंबी कापत होत्या आणि त्यांनी ती एकदाही चाखली नव्हती. खोटं नाही सांगत! भोरहून नसरापूरकडं निघालं की रस्त्याकडेला मश्रूमची एक शेड लागते. आत काळोख, गारठा आणि खताच्या पिशव्यांचे थरावर थर. फुलाबाई कपाळाला बॅटरी बांधून त्यात सकाळपासून वावरायच्या. देठ असा अलगद कापायच्या की टोपीला नख लागायचं नाही. क्रेटच्या क्रेट पुण्याला जायचे, पण घरी एक टोपी येत नसे, कारण घरी साहेबराव होते.

साहेबराव म्हणजे त्यांचा नवरा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वरंध घाटात, धुक्यात, एका हातानं गाडी वळवून दुसऱ्या हातानं मिशीला पीळ भरणारा गडी. पण अळिंबी म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. वर्षावासात बुद्धविहारात ग्रंथवाचनाचा मान त्यांचा. तथागतांना शेवटचं जेवण वाढणाऱ्या चुंदाचा प्रसंग आला की आवाज असा कातर करायचे की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. "तथागतांचं शेवटचं जेवान कुनी म्हनतं मांसाचं, कुनी म्हनतं अळिंबीचं. आपल्या घरात जोखीम नगं," असं त्यांनी एकदा जाहीर केलं आणि विषय मिटला.

शेडमधल्या बाया दुपारी तिथंच परतून खायच्या, फुलाबाईंना हाका मारायच्या. पण ही बाईही हट्टाला कमी नाही. "म्या खाईन तर माझ्या घरात, माझ्या ताटात," म्हणायच्या आणि डब्यातली मेथी खायच्या. सहा वर्षं मेथी! कमाल झाली की नाही?

मग एका रविवारी शेडच्या मालकांची सून, शेफाली, हिनं त्यांच्या हातात सहा पोर्टोबेलो जातीच्या अळिंब्या ठेवल्या. तळहाताएवढ्या, तपकिरी, छत्री पुरती उघडलेली. मसाला लावून अर्धा तास मुरवायच्या आणि तव्यावर भाजायच्या, असं तिनं सांगितलं. वर व्हिनेगर, अमुक तेल, तमुक पाला. फुलाबाईंनी सगळ्याला मान डोलावली आणि मनातल्या मनात व्हिनेगर काढून टाकलं. घरी लिंबू होतं.

घरी येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. साहेबराव दोन पावलं मागं सरकले.

"हे काय? म्या सांगितलंवतं न्हवं, चुंदानं..."

"चुंदाला कुनी दोष देऊ नका, त्याचं दान लई मोलाचं, असं तथागतांनीच सांगितलं न्हवं का? ते पान वाचताना तुमाला झोप लागलीवती व्हय?"

ते पान तर साहेबरावच वाचायचे! फुलाबाईंना आतून अशा उकळ्या फुटल्या की हातातली लसूण सांडली.

ओल्या फडक्यानं टोप्या पुसल्या, देठ काढले. लसूण, मिरची, काळा मसाला, तेल, लिंबू आणि गुळाचा खडा असं वाटण करून बोटानं टोपीच्या घडीघडीत भरलं. साहेबराव स्टूल घेऊन शेजारीच बसले. पहारा म्हणे! अर्ध्या तासानं तवा तापला, टोप्या पडल्या आणि चर्र झालं. त्यांना पाणी सुटलं, ते आटलं, मग मसाला कडेनं करपायला लागला आणि वास थेट गल्लीत गेला.

फुलाबाईंनी ताट घेतलं. सहा वर्षांनी!

"थांब!" साहेबराव ओरडले. "आदी म्या खानार. मला काय झालं तर डॉक्टरला सांगाय तू हायस. तुला काय झालं तर म्या बावळट काय सांगनार? तासभर तू हात लावायचा न्हाई."

एवढ्यावर थांबले नाहीत. गल्लीतल्या धनाजीची रिक्षा दारात आणून उभी केली, तोंड दवाखान्याच्या दिशेला करून. मग वीरासारखे मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि पहिली अळिंबी खाल्ली.

डोळे मिटूनच चावत राहिले. फुलाबाईंचा जीव टांगणीला.

"अवो?"

"एकानं काय समजत न्हाई," साहेबराव म्हणाले. "इख असलं तर दोन तरी पायजेत."

दुसरी गेली. तिसरी जरा जास्त काळी दिसत होती, म्हणून तिची तपासणी वेगळी. चौथी धनाजीला दिली, कारण तरण्या माणसावर काय परिणाम होतो तेही बघायला नको का? पाचवी भाकरीबरोबर चालते का, म्हणून गेली. सहावीला तर कारणही सांगितलं नाही. आणि फुलाबाई? त्या तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. अळिंबीचं नाव काढू न देणारा हा माणूस आज बोटं चाटत होता, आणि त्या आनंदात त्यांना मोजायचं भानच राहिलं नाही.

तास झाला. साहेबरावांनी घड्याळ पाहिलं, ढेकर दिली आणि ऐटीत म्हणाले, "पास! ये फुला, बस. आता तू खा बिनघोर."

दोघांनी ताटात पाहिलं. ताटात लिंबाची फोड होती.

फुलाबाईंना आधी हसू आलं, इतकं की भिंतीला टेकावं लागलं. आणि हसता हसताच डोळे भरले. "सहा वर्षं कापतीया म्या," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेबरावांचा चेहरा खर्रकन उतरला. ताडकन उठले, अनवाणीच पळाले आणि बनियनवर रिक्षात बसले. "धनाजी, काढ गाडी!"

शेजारच्या बनाबाईंनी ते पाहिलं आणि बोंब ठोकली, "अगं बया, साहेबरावांना इखबाधा झाली!" पाच मिनिटांत गल्ली दारात. कुणी मिठाचं पाणी आणलं, कुणी फुलाबाईंना धरून बसवलं. फुलाबाई काही सांगायला जायच्या आणि पुन्हा हसत सुटायच्या. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय बिचारीला.

पाऊण तासानं रिक्षा परत आली. दवाखाना नाही न् काही नाही, साहेबराव मांडीवर तसल्याच सहा अळिंब्यांची पिशवी घेऊन बसलेले! शेडला रविवारची सुट्टी नसते, म्हणून बरं.

"कुनी मधी बोलायचं न्हाई," असा गल्लीला दम देऊन ते ओट्याशी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा लसूण सोलली. लिंबू पिळलं ते निम्मं स्वतःच्या डोळ्यात. पण अर्धा तास मुरवलं, तवा तापवला, टोप्या उलटल्या, आणि सहाच्या सहा एका ताटात घालून ते ताट बायकोपुढं ठेवलं.

फुलाबाईंनी पहिला घास घेतला. मऊ, दमदार, आतून रसाळ. गुळाचा गोडवा मागून आला, करपलेल्या मसाल्याचा झटका त्याच्याही मागून. म्हणजे हे मी कापत होते! ऊर भरून आला त्यांचा. दारातली गल्ली श्वास रोखून उभी.

"कसं झालंय?" साहेबरावांनी विचारलं. आवाज विहारातल्यापेक्षा कातर.

"मीठ कमी हाय."

"मंग ऱ्हाऊ दे, म्या खातो," म्हणून त्यांनी हात पुढं केला.

फुलाबाईंनी त्या हातावर चापट मारली आणि ताट जवळ ओढलं.

"हात लावू नगा. माझं ताट हाय ते."