उतारावरचा सराव

आमचे जावई बर्फ सपाट करतात. कुणी विचारलं की मी असंच सांगते, आणि ऐकणारा माझ्या तोंडाकडे बघत राहतो. बर्फाच्या मैदानावर मुलं पात्यांचे बूट घालून हॉकी खेळतात, बर्फावर ओरखडे उठतात, मग जावई आपलं ते अवजड यंत्र घेऊन आत शिरतात. यंत्र बर्फ खरवडतं, वर पाणी सोडतं, आणि मागे आरशासारखी वाट तयार होते. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांचा खेळ बघितला, पण स्वतः काठी कधी हातात धरली नव्हती. बर्फावरून घसरत इकडून तिकडे जायला यायचं, तेवढंच. माणूस भारी भिडस्त. दुकानदाराने चुकून दुसऱ्याचं सामान दिलं तरी मुकाट्याने घेऊन येतील, आणि परत करायला मला पाठवतील.

या भिडेनेच त्यांचा घात केला.

माझी नात, म्हणजे त्यांची लेक, यंदा तिथल्याच छोट्यांच्या वर्गात हॉकी शिकायला लागली. घरात तिला आम्ही टिटवी म्हणतो, कारण एकदा सुरू झाली की थांबत नाही. वर्गातल्या पोरी आपापल्या बापांच्या बढाया मारत होत्या, तेव्हा हिनेही ठोकून दिलं की माझे बाबा पूर्वी मोठ्या संघात खेळायचे, म्हणून तर त्यांना इथे नोकरी मिळाली. एक पोरगी लगेच खात्री करून घ्यायला आली. जावई यंत्रावर बसले होते, मी कठड्याबाहेरच्या बाकावर शाल गुंडाळून. टिटवी खाली उभी राहून बापाकडे बघत होती. जावई नुसते हसले आणि यंत्र सुरू करून निघून गेले. खोटं असं ते बोललेच नाहीत. पण त्या हसण्याचा अर्थ सगळ्यांनी हो असाच घेतला.

पुढे मुलांचे शिक्षक जिन्यात पडले आणि गुडघा धरून बसले. दुसरा माणूस मिळेपर्यंत रविवारचा वर्ग तुम्हीच घ्या, तुम्ही तर खेळलेले आहात, असं त्यांनी जावयांना सांगितलं. जावयांनी तेव्हाही मिठाची गुळणी धरली. संध्याकाळी घरी आले ते बगलेत एक जुनी काठी आणि खिशात लाकडी चेंडू घेऊन. बर्फावर काळी चकती असते, पण ती घरच्या फरशीवर सरकत नाही, अडते. म्हणून चेंडू.

टिटवी शाळेत असताना सराव चालायचा. ती अचानक आत येऊ नये म्हणून जावई पुढच्या दाराला पाठ लावून उभे राहायचे. पायात नुसते मोजे. चेंडू डावीकडे, उजवीकडे, मग पुढे ढकलायचा, आणि काठीच्या टोकाने ओढून परत पायाशी आणायचा. ही ओढ म्हणे सगळ्यात अवघड, आणि मुलांना तीच शिकवायची होती. सुरुवातीला चेंडू कपाटाखाली जायचा आणि जावई पालथे पडून तो काढायचे. माझी लेक म्हणाली, "अहो, फरशी पुसायचीच असेल तर फडकं देते ना." खालच्या शिंपीणबाई वर येऊन विचारून गेल्या की सुतारकाम काढलंय का. मी म्हटलं, हो, काढलंय, पण सुतार नवीन आहे.

हळूहळू मात्र जमायला लागलं. चेंडू शहाण्यासारखा परत यायचा. एका दुपारी तर मान वर करून, माझ्याशी बोलत बोलत त्यांनी तो पुढे घातला आणि पायाशी आणला. "आई, बघितलंत?" मी म्हटलं, बघितलं, फार छान. माझ्या मनात तरी दुसरं काय येणार?

आता घराचं सांगायला हवं. आमच्या घराला उतार आहे, स्वयंपाकघराकडून पुढच्या दाराकडे. बांधणाऱ्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. कपाटाखाली पुठ्ठा आहे, पलंगाच्या एका पायाखाली वीट आहे, आणि हातातून बटाटा सुटला तर तो आपणहून दारापर्यंत जातो. पण तिथेच राहून राहून कुणालाच त्याचं काही वाटेनासं झालंय. जावई दारापाशी उभे. चेंडू पुढे ढकलला की तो चढावर जायचा आणि आपल्या पायाने परत यायचा. काठी बिचारी नुसती सोबतीला.

रविवारी मुलं ओळीने उभी राहिली. कठड्याला आईबाप टेकलेले. जावयांनी चकती डावी-उजवी केली, ती बरी झाली. मग म्हणाले, आता नीट बघा, आणि चकती पुढे घालून काठी मागे ओढली. काठी आली. चकती तिकडेच राहिली. बर्फ सपाट होता. सकाळी त्यांनीच केला होता.

आणि जावई थांबले हो. चकती परत येईल म्हणून क्षणभर तिची वाट बघत उभे राहिले. त्या उभं राहण्यानेच सगळं बिंग फुटलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एक पोर हसलं, कुणाचा तरी बाप उगाच खोकला. टिटवीच्या शेजारची तिला विचारत होती, मोठ्या संघात होते ना गं? टिटवी खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होती. मला शालीत तोंड खुपसावंसं वाटलं.

घरी येताना ती पुढे, आम्ही मागे. जेवायला बसल्यावर जावई म्हणाले, "बाळा, मी हॉकी कधी खेळलेलोच नाही."

"मला माहीत आहे. मीच तर बनवून सांगितलं होतं." मग ताटाकडे बघत, "पण बाबा, तू तेव्हाच 'नाही' असं का म्हणाला नाहीस? तेवढा एकच दिवस लाज वाटली असती ना मला."

जावयांना वाटलं होतं, आपण लेकीची लाज राखतोय.

"मी सांगतो सगळ्यांना," ते म्हणाले.

"माझं नाव नको घेऊस."

"नाही घेत."

पुढच्या रविवारी शिक्षक कुबड्या घेऊन आले होते. जावई मुलांसमोर उभे राहिले. आवाज इतका बारीक निघाला की मला बाकावरून उठून कठड्याला यावं लागलं. "मी कधी खेळलेलो नाही. तुम्ही माझ्याबद्दल ऐकलं ते खोटं होतं, आणि मी ते खोडून काढलं नाही."

ओळीतून कुणीतरी विचारलं, "मग काका, ते यंत्र तरी तुम्हीच चालवता ना?" सगळे हसले. जावई हसले नाहीत. म्हणाले, हो, ते मीच.

शिक्षकांनी काय काय सुनावलं ते मी लिहीत नाही. मुलांसमोर बोलायला नको होतं, एवढंच म्हणते. शेवटी ते म्हणाले की मी खुर्चीत बसून सांगतो, आणि तुम्हाला शिकायचंच असेल तर उभे राहा ओळीत. मला वाटलं, जावई आता निघून जातील. पण काठी घेऊन ते ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सगळी पोरं त्यांच्या कमरेएवढी.

त्यांच्या पुढे टिटवी होती. तिने मागे वळून बघितलं नाही. पुढच्या चष्मेवाल्या छोटीचा हात धरला, तिला आपल्या मागे ओढून घेतलं, आणि स्वतः एक पाऊल पुढे सरकली. आता बाप आणि लेक यांच्या मध्ये ती छोटी.

जावयांनी ते बघितलं. मीही बघितलं. छोटीच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला ते खाली वाकले. नाडी बांधायला असा कितीसा वेळ लागतो? ते बराच वेळ वाकलेलेच होते.