सी विंगची फूट परेड

आधी कबुली देऊन टाकते. ज्या माणसाच्या पायांना काहीच जाणवत नव्हतं, त्याला मी विचारलं, "पाणी गरम लागतंय का?" तो म्हणाला, "नाही मॅडम." मी आणखी गरम पाणी ओतलं. पुन्हा विचारलं. पुन्हा "नाही मॅडम." पुन्हा ओतलं.

तेव्हा मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. वय तेवीस. खांद्यावरचे दोन स्टार इतके नवे की आरशासमोरून जाताना मान आपोआप वळायची. परीक्षेत पहिली आले होते, हे जवानांच्या लंगरमधल्या स्वयंपाक्यालासुद्धा सांगून झालं होतं. त्या बाईला आज मी भेटले असते, तर पहिल्यांदा तिला बेडपॅन धुवायला बसवलं असतं.

पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होतं. वरच्या चौक्यांवरून खाली आणलेला जवान जिथे पहिल्यांदा आडवा होई, ते आमचं हॉस्पिटल. पत्र्याच्या बराकी, खोली ऊबदार ठेवायला केरोसीनच्या शेगड्या, म्हणजे बुखाऱ्या, आणि बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी दगड. दिवस साडेपाचला सुरू होई. रिपोर्ट, राउंड, ड्रेसिंग. आणि रोज, न चुकता, फूट इन्स्पेक्शन. वॉर्डातल्या प्रत्येक जवानाने मोजे काढायचे, नर्सिंग ऑफिसरने टॉर्च घेऊन एकेका बोटाच्या बेचक्यात बघायचं. रंग, भेग, फोड, वास. मला ते काम कमीपणाचं वाटे. एवढं शिकून लोकांच्या पायांचे वास घ्यायचे? मी ते भराभर उरकत असे. "सब ठीक?" म्हणायचं आणि पुढच्या पलंगाकडे सरकायचं.

त्या दिवशी दुपारी रेडिओवर निरोप आला. "वन कॅज्युअल्टी. फ्रॉस्टबाइट, बोथ फीट. चॉपर निघालंय. ओव्हर."

"रॉजर. वॉर्ड तयार आहे. ओव्हर."

स्ट्रेचरवरून उतरवला तो नायक दत्ताराम शेलार. पाटण तालुक्यातला. मी मराठी बोलले तसा त्याचा चेहरा उजळला, आणि तिथेच माझी शिस्त बिघडली. कित्येक महिन्यांनी मराठी ऐकत होते. आमच्या मेट्रन, केरळच्या एक मेजर, जाता जाता ऑर्डर देऊन गेल्या होत्या. कोमट पाणी, थर्मामीटर लावून. थर्मामीटर ट्रेमध्येच होता. मी त्याच्या गावची नदी, त्याच्या घरचा भात, सगळं विचारत बसले आणि पाण्याचंही त्यालाच विचारलं.

मेट्रन आत आल्या. त्यांनी बाही वर केली, कोपर टबात घातलं आणि पुढच्या क्षणाला शेलारचे दोन्ही पाय बाहेर उचलले.

"टेम्परेचर किती होतं?"

"तो म्हणाला गरम नाही, मॅडम."

"तू त्याला विचारलंस?"

एवढंच. ट्रेमधला थर्मामीटर उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बर्फाने मारलेल्या कातडीवर आता भाजल्याचे फोड आले होते. पुढे डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ती माझ्यामुळे गेली की नुसत्या बर्फामुळेही गेलीच असती, हे मला कुणी सांगितलं नाही. विचारायची छातीही मला झाली नाही.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी एकही फूट इन्स्पेक्शन उरकलं नाही. लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले, सानपाड्यात मुलाच्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि महिन्याभरात ध्यानात आलं की इथे बर्फ नाही, पण बधिर पाय भरपूर आहेत. साखर अंगात जुनी झाली की पायांच्या नसा झोपतात. चप्पल कधी निसटली ते कळत नाही, खिळा टोचलेला कळत नाही, चटका कळत नाही. माणूस मात्र सांगत असतो, आपलं एकदम ओके.

म्हणून मी दर रविवारी सकाळी साडेसात वाजता सी विंगच्या पार्किंगमध्ये फूट परेड सुरू केली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टॉर्च, एक हातातला आरसा. साठीच्या पुढच्यांनी चपला काढून बसायचं. नाव माझ्या नातीने दिलं. मुलगा म्हणाला, आई, आता तरी आराम कर. मी म्हटलं, आराम केलेली म्हातारी कशी दिसते ते तू पाहिलंयस, मला तसं दिसायचं नाही.

सेक्रेटरी पाटील इथल्याच गावठाणातले. त्यांनी समोर येऊन हरकत घेतली. "मॅडम, पार्किंग हाय ही, दवाखाना नाय. येनारे-जानारे लोक पाय बघतान."

"बघू देत," मी म्हटलं. "तुमचे कधी दाखवताय?"

पाटील गेले. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला, की सामाईक जागेत वैयक्तिक कार्यक्रम करू नयेत. पुढच्या रविवारी मी त्याच बोर्डाखाली खुर्च्या मांडल्या. रणभूमी शत्रूने निवडली की आपलं चालणं वाचतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोज औषधांचा पाऊस. कुणी कारल्याचा रस पाठवी, कुणी मेथीचं पाणी, कुणी साखर मुळापासून घालवणारी पानं. मी घरच्या उपायांची वैरीण नाही, हे लिहून ठेवते. घसा धरला की मिठाच्या गुळण्या मी आजही करते. सर्दीला सुंठ-गुळाची गोळी माझ्या डब्यात असते. टाचांना रात्री खोबरेल चोळते, बोटांच्या बेचक्यात मात्र पुसून कोरडं ठेवते, कारण ओल तिथेच कुजवते. चपला घालण्याआधी उलट्या करून झटकते, विंचवाच्या देशात नोकरी केल्याची सवय. जेवणानंतर चालते. हे सगळं आजीबाईच्या बटव्यातलंच आहे. पण बटव्यात डोळे ठेवायला कुणी मनाई केलेली नाही. ग्रुपवर कुणीही नवा उपाय टाकला, की मी खाली एकच ओळ लिहायची. आधी पाय दाखवा.

तिसऱ्या मजल्यावर बबनराव जाधव राहतात. साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात हयात कांद्याच्या गोण्या वाहिल्या. साखर दहाबारा वर्षांची. बायको सुशीलावहिनी परेडला नियमाने येत, बबनराव कधीच नाही. पार्किंगमधून स्कूटर काढताना मला सलाम ठोकायचे. मी लेफ्टनंट कर्नल आहे हे त्यांना तीनदा सांगून झालं, पण ते मला मेजरबाईच म्हणतात. आता मी सोडून दिलंय.

"काय मेजरबाई, चाललीया का परेड?"

"तुम्ही कधी येताय?"

"आवं, ह्या पायांनी गोण्या वढल्यात. बैलाचे पाय हायेत हे."

"ठीक आहे ना सगळं?"

"एकदम फिट."

आणि मी मान डोलवायची. एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा रविवार. तेविसाव्या वर्षीच्या त्या मूर्ख मुलीला मी आयुष्यभर हसत आले. हसताना माझ्या ध्यानात आलं नाही, की बधिर पायांच्या माणसालाच मी पुन्हा विचारते आहे.

चौथ्या रविवारी परेड संपली. वहिनी पायात चप्पल सरकवताना सहज बोलून गेल्या. म्हणाल्या, ह्यांना टाचेला जरा लागलंय, पण बरं होत आलंय. कडुलिंब आणि मीठ घालून कढत पाणी करते, सकाळ-संध्याकाळ पाय शेकतात, वर हळद दाबतात. आता तर त्यांना अजिबात दुखत नाही.

अजिबात दुखत नाही, हे तीन शब्द ऐकले आणि मी टॉर्च खुर्चीवर ठेवला. कोणत्या वेळी शेकतात, मी विचारलं. आत्ताच, म्हणाल्या, पाणी देऊनच आले.

लिफ्ट वर अडकलेली होती. मी जिना चढले. माझे गुडघे त्या दिवसाबद्दल अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दार उघडंच होतं. बबनराव खुर्चीवर, उजवा पाय निळ्या टबात, हातात पेपर, बाजूला वाफ येणारं पातेलं.

"या मेजरबाई. च्या घेणार?"

मी बाही वर केली आणि कोपर टबात घातलं. लगेच बाहेर काढलं. मग दोन्ही हातांनी त्यांची पोटरी धरून पाय बाहेर उचलला.

"आवं! आवं, काय करताय? गार झालंय त्ये. आनि वतायचं हाय."

टाचेला हळदीचा थर होता. त्याखाली रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या. तळव्याला ताजे फोड, सगळे शेकाचे. करंगळी काळसर. आणि तो वास. त्या वासाला मी चाळीस वर्षं ओळखते. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला नाही, तोंडाला लावला.

"हॉस्पिटल," मी म्हटलं. "आत्ता."

बबनरावांनी पेपरची घडी घातली. चेहरा शांत, पण ती घडी मोडून पुन्हा घातली. म्हणाले, त्यांच्या हमालांच्या टोळीतला एक गडी असाच टाचेच्या जखमेसाठी दवाखान्यात गेला आणि गुडघ्याखालचा पाय तिथेच ठेवून परत आला. मेला तरी चालेल, पण लंगडत मार्केटच्या दारात जायचं नाही. उद्या बघू. कडुलिंबानं उतरेल.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. दुखत नाही म्हणून ते निर्धास्त नव्हते. कुणी पाय बघू नये म्हणून ते फिट होते.

"जाधव," मी म्हटलं, "तो गडी उद्या बघू म्हणत राहिला, म्हणून पाय गेला. तुमचा अजून जागेवर आहे. उठा. हा सल्ला नाही, ऑर्डर आहे."

"मी काय फौजेत न्हवतो."

"मी होते."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि पाय पुढे केला. मी जखम स्वच्छ पाण्याने धुतली, पुसली, धुतलेलं कोरडं फडकं सैल गुंडाळलं. फोड फोडले नाहीत, वर काही लावलं नाही. पाय टेकवायचा नाही, म्हणून त्यांना खुर्चीसकट उचलायचं ठरलं. मी इंटरकॉम उचलला.

"मेन गेट, सी विंग तिसरा मजला. एक पेशंट, पाय टेकवता येत नाही. दोन माणसं वर पाठवा. गाडी कुणाची खाली आहे?"

"मॅडम, पाटील साहेब गाडी धुतायत."

"त्यांना सांगा गाडी धुऊन झाली."

पाटील वर आले, ओल्या हातांनी. त्यांनी पाय पाहिला. खुर्चीची पुढची बाजू त्यांनी धरली, मागची वॉचमनने. ज्या बोर्डावर त्यांची नोटीस होती, त्याच्याखालूनच बबनराव खुर्चीत बसून गेले, राजासारखे, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगत होते की काय झालं नाही, मेजरबाई उगाच.

डॉक्टर तरुण होते. जखम उघडून बघत त्यांनी विचारलं, शेक कुणी द्यायला सांगितला? वहिनी रडू लागल्या. मी मध्ये पडले. म्हटलं, त्यांना सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, पुढचं बोला. पुढचं असं, की आणखी चार दिवस घरी राहिले असते तर पाय वाचेल अशी हमी त्यांनी दिली नसती. करंगळी गेली. टाच भरायला पावसाळा संपला. पाय राहिला.

बबनराव आता परेडला सगळ्यांच्या आधी येतात आणि पहिल्या खुर्चीवर बसतात. नव्या आलेल्याला चार बोटं उंचावून दाखवतात आणि म्हणतात, "पाचवं मेजरबाईंनी घेतलं." मी त्यांना दर रविवारी वेगळी शिवी देते. नोटीस बोर्डावरचा कागद कुणीतरी काढला. कुणी काढला ते मी विचारलं नाही, पण गेल्या रविवारी पाटील येऊन बसले, मोजे काढले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "बघा आता एकदाचं." भेगा आहेत. बाकी ठीक. ठीक आहेत, हे मी बघून सांगते आहे.

मला कुणी म्हणतं, या वयात दुसऱ्यांच्या पायांशी बसता, कसं वाटतं? मी म्हणते, उशीर झाल्यासारखं वाटतं.

नायक दत्ताराम शेलार त्या जखमेतून बरा झाला. वरच्या चौकीसाठी त्याला अनफिट ठरवलं आणि खालच्या डेपोत रसद चढवण्याच्या कामावर घेतलं. दोन हिवाळ्यांनी रसदीची एक गाडी दरड कोसळून खाली गेली. तो त्या गाडीत होता. मी तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलात होते. बातमी एका ड्रायव्हरकडून कळली, ड्रेसिंग करता करता. मी ते ड्रेसिंग पूर्ण केलं. त्याचा फोटो माझ्याकडे नाही. पण दर रविवारी पहिल्या खुर्चीसमोर बसण्याआधी मी मनात त्याचं नाव घेते, रँकसकट.

त्याची बोटं काढल्यावर मी त्याची माफी मागायला वॉर्डात गेले होते. कॅप नीट करून, पाठ केलेली चार वाक्यं घेऊन. पहिलंच वाक्य अर्ध्यात अडकलं. तो उशीला टेकून बसला, पांघरूण बाजूला केलं, बँडेजमधले दोन्ही पाय माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला:

"मॅडम, रडू नका. मला चटका बसला आसता तरीबी मी न्हाईच म्हनलो आसतो. आपल्या गावाकडची मॅडम यवढ्या मायेनं इचारतीया, तिला 'व्हय, भाजतंय' आसं कोन म्हननार? फुडच्या गड्याला इचारत बसू नका. बघा."