एकोणशंभर का नाही

त्या दिवशी सकाळी आमचं शेवटचं बोलणं झालं ते बाटल्यांच्या बुचांवरून. शाळेच्या फाटकाशी मी स्कूटरवरून उतरत होते आणि आमचे हे मला सांगत होते की, वर्गातल्या मुलांना मोजायला म्हणून मी जमवलेली बुचं एका मापाची नाहीत. पाण्याच्या बाटलीचं बूच वेगळं, तेलाच्या बाटलीचं वेगळं, अशानं मुलांचा घोटाळा होणार. मी म्हटलं, होऊ दे. हे मान हलवत अमरगोळच्या बाजार आवाराकडे निघून गेले. तिथल्या एका ओळखीच्या अडत्याकडून चिंचोके आणायचे होते, तेही एकसारखे, निवडून. मधल्या सुट्टीत त्याच अडत्याचा फोन आला. "वहिनी, अण्णा पोत्यावर बसल्या बसल्या..." मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानं मागाहून सांगितलं की हे प्रत्येक चिंचोका उजेडात धरून पाहत होते आणि निम्मे बाजूला टाकत होते. शेवटी कंटाळून त्यानं विचारलं, अण्णा, ह्यांची लग्नं जमवायची आहेत काय? त्यावर हे मोठ्यानं हसले आणि मग छातीवर हात ठेवला... हसता हसता गेले, असं लोक म्हणतात ते मला आजवर खरं वाटत नव्हतं.

मी हुबळीच्या कमरीपेठेतल्या एका छोट्या मराठी शाळेत पहिलीला शिकवते. ह्यांनी सगळी उमेदीची वर्षं तारिहाळच्या एका कारखान्यात काढली, टूलरूममध्ये. इतरांनी केलेले सुटे भाग बरोबर आहेत की नाहीत हे ज्या मापांवरून ठरवायचं, ती मापं करणं हे त्यांचं काम. केसाएवढा फरक त्यांना चालायचा नाही आणि ही सवय ते रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचे. पोळी गोल नसली की ती ताटात थोडी फिरवून बघायचे. पुढे कारखाना बंद पडला. पन्नाशी केव्हाच उलटलेला माणूस घरी बसला. पहिले काही महिने हे सकाळी अंघोळ करून निळा गणवेश घालायचे आणि कंपनीची बस यायची त्या वेळेला कट्ट्यावर जाऊन बसायचे. बस येत नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. बसची वेळ टळली की आत येऊन पेपर वाचायचे. मला ते बघवत नव्हतं. म्हणून एक दिवस, काहीतरी काम काढायचं म्हणून मी म्हटलं, अहो, माझ्या पोरांना मोजायला दहा-वीस कांड्या करून द्याल का?

दिल्या. लोखंडाच्या. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसून कापलेल्या, कडा घासलेल्या, चकाकणाऱ्या, गंज चढू नये म्हणून तेल लावलेल्या. पिशवी उचलताना माझा खांदा उतरला. मुलांनी त्या हातात घेतल्या आणि पहिल्या तासाला सगळ्यांचे सदरे तेलकट झाले. दुसऱ्या तासाला एक कांडी घरंगळत टेबलावरून खाली गेली ती नेमकी मोठ्या बाईंच्या पायाच्या अंगठ्यावर. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तशा शांत स्वभावाच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा वापरल्या. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा ह्यांनी विचारलं, कांडीला पोचा वगैरे आला नाही ना?

मग लाकडाच्या झाल्या. त्या हलक्या होत्या, पण देण्याआधी प्रत्येक कांडी व्हर्नियरमध्ये धरून मोजली गेली आणि थोडी कमी भरली ती चुलीत गेली. मी किती वेळा सांगितलं की मुलांना ह्या मोजायच्या आहेत, इंजिनात बसवायच्या नाहीत. त्यावर त्यांचं म्हणणं एकच, वस्तू सारख्या नसतील तर मोजणार काय? आंबा आणि लिंबू मिळून दोन काय होतात? दोन फळं होतात, मी म्हटलं. तर म्हणाले, त्याला मोजणं नाही म्हणत, तडजोड म्हणतात.

शेवटी मी त्यांना वर्गातच बोलावलं. मोठ्या बाईंनी पिशवी आधी स्वतः उचलून बघितली, मगच आत सोडलं. मुलं त्यांना पहिल्या दिवसापासून अज्जा म्हणायला लागली. पहिल्या बाकावर भाग्यश्री बसायची, आमची भागी. अळणावरकडच्या एका खेड्यातलं कुटुंब, बाप हमालीसाठी हुबळीत आलेला. घरात मराठी, गल्लीत कन्नड, भागीच्या तोंडात दोन्ही एकदमच. ह्यांनी तिच्यापुढे पाच मणी जवळजवळ ठेवले. तिनं बोट लावून मोजले, पाच. मग ह्यांनी तेच मणी लांब लांब पसरले आणि विचारलं, आता? भागी म्हणाली, आता जास्त झाले.

"कुठून आले जास्तीचे?"

"पसरले म्हणून आले."

ह्यांनी पुन्हा मोजायला लावलं. पाच भरले. पुन्हा पसरले, पुन्हा जास्त झाले. मागच्या बाकावरची पोरंही भागीच्या बाजूची निघाली. हे एकटे पडले. त्या वयात मुलांना तसंच वाटतं, वर्षभरात आपोआप जातं, हे मी घरी आल्यावर सांगितलं. ते त्यांना पटलं, पण पचलं नाही. रात्री जेवताना पाहिलं तर हे ताटातला भात बोटांनी पसरून त्याच्याकडे एकटक बघत होते. "जास्त दिसतोय खरा," असं स्वतःशीच म्हणाले आणि तो भात गोळा करून जेवले. त्या दिवसापासून निळा गणवेश खुंटीवर राहिला. सकाळी कट्ट्यावर बसायच्या वेळेला हे माझी पर्स हातात घेऊन दारात उभे राहायला लागले, शाळेला उशीर होतोय म्हणून.

भागीचं खरं दुखणं पुढे निघालं. वीस जवळ आले की तिची गाडी अडायची. तोंडानं सगळे आकडे म्हणायची, पण एकोणतीस लिही म्हटलं की पाटीवर एकतीस काढायची. एकोणतीसमध्ये तिला एक ऐकू यायचा आणि तीस ऐकू यायचे, बाकीचं कानावरून जायचं. एकोणीसलाही तेच, एकोणचाळीसलाही तेच. आणि हीच पोरगी कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु म्हणताना कधी चुकायची नाही, कारण त्या शब्दात वीस आणि नऊ सरळ ओळीनं उभे असतात. एक दिवस तिचा बाप शाळेत आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, राग मानू नका, पोरगीला कन्नड साळंत घालतो. तिकडं तिला येतंय, इकडं नुसती रडतीया." त्याचं चुकत नव्हतं. पण पहिलीच्या वर्गात मुळात मूठभर मुलं. त्यातलं एक गेलं की दुसऱ्याचे पालक विचार करायला लागतात आणि मग वर्ग चालवायचा कशाला, असा प्रश्न वरून येतो. मी त्याच्याकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली.

घरी हे ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असं सावकाश म्हणायला लावलं. आयुष्यभर आम्ही दोघं हे शब्द म्हणत आलो होतो, मी तर शेकडो पोरांकडून ते घोकून घेतले होते. हे म्हणाले की, कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असतं तसंच आहे हे, तीस आणि त्यातून एक उणे. म्हणजे शब्द बरोबर आहे, पोरगीही बरोबर आहे, मधलं उणे तेवढं तिला कुणी हातात दिलेलं नाही. एवढं बोलून उठले आणि परसात गेले. थोड्या वेळानं कापल्याचा आवाज आला म्हणून मी जाऊन बघते, तर माझा नवा खराटा सोडून त्याच्या काड्या वितीएवढ्या तोडत बसले होते. काही जाड, काही बारीक, एक तर चक्क वाकडी. मी व्हर्नियर आणून देऊ का म्हणून विचारलं. मान वर न करता म्हणाले, "मोजायच्या आहेत, इंजिनात नाही बसवायच्या."

दुसऱ्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी कापून त्यांनी दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या आणि वर्गात जमिनीवर भागीसमोर मांडी घातली. तीन जुड्या मांडल्या. भागी म्हणाली, तीस. मग त्यांनी तिलाच त्यातली एक काडी ओढून काढायला सांगितली. तिनं ओढली, रबर सैल पडलं. आता किती, म्हटल्यावर तिनं क्षणभर विचार करून कन्नडमधून सांगितलं, इप्पत्तोंबत्तु. हे म्हणाले, अगदी बरोबर, आता तेच मराठीत सांगायचं, तीस होते, त्यातली एक उणी केली, एक... उण... तीस. भागी आधी जुड्यांकडे, मग आपल्या हातातल्या काडीकडे बघत राहिली.

"हीच का ती एक?"

"हीच."

तिनं ती काडी परत जुडीत खोचली आणि तीस म्हणाली. ओढली आणि एकोणतीस म्हणाली. खोचली, ओढली, खोचली, ओढली... मधली सुट्टी झाली तरी उठेना. मी फळ्याकडे तोंड करून उगाच फळा पुसत होते. ह्यांनी मात्र खिशातून रुमाल काढून सरळ सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि खडूची धूळ फार आहे म्हणून मला बोल लावला.

बापानं मुलीला काढलं नाही. पण आठवड्यानं तो पुन्हा आला, तेव्हा चेहऱ्यावर वेगळीच काळजी. पोरगी घरात कुणाला समजेल असं बोलत नाही, म्हणाला. आई विचारते किती भाकरी वाढू, तर म्हणते एकोणतीन. पाहुण्यांनी वय विचारलं, तर म्हणाली एकोणसात. नऊला एकोणदहा, चारला एकोणपाच. शाळेत हेच शिकवता का? मी काही सांगायच्या आत हे म्हणाले की, हिशेब तर एकही चुकलेला नाही. बाप बोटांवर घालून बघायला लागला, एकोणतीनपाशी आला आणि हसू लागला. मग बराच वेळ दोघे शाळेच्या कट्ट्यावर बसून एकमेकांना अशीच अवघड वयं सांगत होते.

खरी अडचण आली ती शंभरच्या तोंडाशी. एकोणऐंशी झालं, एकोणनव्वद झालं. भागीनं दहा जुड्या मांडल्या, एक काडी ओढली आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, एकोणशंभर. मी सांगितलं, नव्व्याण्णव. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, अज्जांकडे पाहिलं. अज्जांनी उत्तर शोधायचं ठरवलं. आमच्या गल्लीतल्या भटजींना विचारलं, दुर्गदबैलमधल्या पुस्तकाच्या दुकानदाराला विचारलं, धारवाडला माझ्या भावाच्या घरी जेवायला गेलो तर तिथे जमलेल्या सगळ्यांना विचारलं. पानावर श्रीखंड सुकत गेलं. कुणी म्हणे पूर्वीपासून तसंच आहे, कुणी म्हणे शंभरला मान द्यायचा म्हणून. मला लाज वाटून मी टेबलाखालून पाय दाबला, तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, पाय का दाबतेस, तुला माहीत असेल तर सांग की.

सोमवारी ते वर्गात गेले आणि भागीला म्हणाले, "मी सगळ्यांना विचारलं. कुणाला माहीत नाही. तुझं बरोबर आहे, पण लोक नव्व्याण्णव म्हणतात, आपणही म्हणू." कारखान्यातल्या साहेबांपुढे कधी चूक कबूल न केलेला माणूस सहा वर्षांच्या पोरीपुढे मांडी घालून हे सांगत होता. भागीनं थोडा विचार करून परवानगी दिली.

ह्यांच्या दिवसांत भागी बापाबरोबर आली होती. आता तिसरीत आहे, वेण्या लांब झाल्यात. तिनं विचारलं, अज्जांचं वय किती होतं? एकोणसाठ, मी सांगितलं. तिनं मनाशी काहीतरी मांडलं आणि म्हणाली, "एकच काडी कमी पडली की, बाई." बापानं तिला दटावलं. मला मात्र त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि ते आवरेना म्हणून मी आत गेले.

आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिथल्या भिंतीवर ह्यांनी एक उद्योग करून ठेवलाय. झारा, उलथणं, किसणी, रवी, प्रत्येकाचा खिळा ठोकला आणि त्या खिळ्याखाली त्या वस्तूचा आकार काळ्या रंगानं काढला. कारखान्यात हत्यारांची फळी अशीच असते म्हणे, वस्तू जागेवर नसली की रिकामा आकार लगेच दिसतो. शेजारच्या अक्का पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, तुमची भांडी गावाला गेली काय, सावल्या घरी ठेवून? मला ते कधीच आवडलं नाही. म्हणून मी मुद्दाम झारा उलथण्याच्या खिळ्याला लावायचे. हे पाणी प्यायला म्हणून आत यायचे आणि जाता जाता दोन्हींची अदलाबदल करून जायचे. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनीही त्याचा उच्चार कधी केला नाही. परवा सगळे पाहुणे गेल्यावर भांडी घासली आणि हात नेहमीच्या सवयीनं झारा उलथण्याच्या खिळ्याला लावून मोकळा झाला. संध्याकाळी बघते तर तो तिथेच. सकाळीही तिथेच. झाऱ्याच्या आड उलथण्याचा काळा आकार अर्धा झाकलेला, अर्धा उघडा... शेवटी मीच तो काढला आणि त्याच्या जागेवर लावला. आणि पदराला हात पुसता पुसता मागे वळून पाहिलं, ह्यांनी बघितलं तर नाही ना म्हणून.